वन्सं चित्र सांगत तेव्हा

तार आली तेव्हा हे रेल्वेच्या कचेरीत होते. त्यामुळे वन्सं तंजावरला वारल्याची बातमी घरात आधी मला कळली. इतक्या वर्षांत त्यांची एखादी गोष्ट यांच्याआधी मला कळण्याची ती पहिलीच वेळ... हे मनात आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. क्रम असाच होता.

मी लग्न होऊन साताऱ्याहून मद्रासला आले. वेस्ट मांबलमच्या घरात, मूळच्या तंजावरी मराठी कुटुंबात, हे, मोतीबिंदूनं दृष्टी अधू झालेल्या सासूबाई आणि यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. सगळ्यांच्या अक्का, माझ्या वन्सं. शनिवारी आम्ही तिघं माउंट रोडवरच्या थेटरात इंग्रजी चित्राला जायचो. हे मध्ये बसत. अंधार झाला की त्यांच्याकडे झुकून विचारत, "आता काय होईल, अक्का?"

"घड्याळ दाखवलं ना? म्हणजे गाडी चुकेल."

आणि चुकायची. मी बी.ए. होते, इंग्रजी मलाही कळायचं. मला कधी विचारलं नाही.

रात्री जेवणं झाली की बाहेरच्या ओट्यावर सासूबाईंसाठी वन्सं ते चित्र सांगत. शेजारच्या बायकाही येऊन बसत. हे मात्र ते डोळ्यांनी बघून आलेले असूनही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे पुढे सरकून बसत. वन्सं म्हणत, "या चित्रांची रीत सोपी. आधी सांगायचं, माणसाला काय हवंय. मग कुणीतरी आडवं आणायचं. एक गोष्ट कामाची, एक मनाची, आणि दोन्हींची गाठ एकाच जागी सोडवायची." नायकनायिका जवळ आली की पडदा काळा होतो ना, तिथं त्या नुसतं थांबत. सासूबाई हलकेच हसत. तेवढी शांतता पेलणं मला जमलं नसतं, हे मला कळायचं. म्हणून तर जास्त लागायचं.

एकदा एका चित्रात नायिका नायकाला स्टेशनवर सोडून कायमची निघून गेली. वन्संनी सांगताना तिला पुढच्या स्टेशनवर उतरवलं आणि परत आणलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "ती परत येत नाही, वन्सं. गाडी जाते आणि चित्र संपतं."

भावजयीला तिकडे मन्नी म्हणतात. "चित्र तिथं थांबलं, मन्नी," त्या म्हणाल्या, "मी थांबले नाही."

सासूबाईंनी यांना विचारलं, "तू बघितलंस ना रे? खरं कुठलं?"

"अक्काचं," हे म्हणाले.

मी पाणी प्यायला म्हणून आत गेले, ती बराच वेळ बाहेर आले नाही. मला शोधत आत आल्या त्या वन्संच. माझ्याजवळ बसून उद्याची भाजी चिरू लागल्या. त्यांचं ते चांगलं असणंही मला सोसलं नाही.

पुढे त्या मुख्याध्यापिका होऊन तंजावरला गेल्या. वाटलं, आता हे माझ्याकडे झुकतील. यांनी चित्राला जाणंच सोडलं.

दिवसकार्य उरकून आम्ही परतलो. गेल्या शनिवारी हेच म्हणाले, "जाऊ या चित्राला." पहिल्यांदाच आम्ही दोघं. पुढे काय होणार ते मला आधीच दिसत होतं. कधी शिकले कोण जाणे. हे सरळ पडद्याकडे बघत राहिले.

रात्री सासूबाई ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "कुणीतरी सांगा रे." मी सुरुवात केली, "एक माणूस होता. त्याला घरी जायचं होतं..." शेजारणीही गप्प झाल्या. हे पुढे सरकून बसले. माझा आवाज जरा मोकळा झाला.

मी गोष्टीच्या मध्यावर आले तेव्हा हे हळूच म्हणाले, "थांब. अक्का इथं वेगळं सांगती." आणि पुढचं स्वतःच सांगू लागले. तेच थांबणं, तोच शब्दांचा तंजावरी हेल. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. यांचा चेहरा सगळा वेळ माझ्याकडे वळलेला होता.

मी ऐकत राहिले. चांगलं सांगत होते... अगदी वन्संसारखं.