भाभीचं वैर

शहाद्याच्या बाजारपेठेत साड्यांचं एक दुकान आहे. भाभी दर बाजाराला त्याच्या दारात थांबायची, समोरच्या दुकानातून घेतलेल्या पिशव्या खाली ठेवायची, पदर सारखा करायची, पिशव्या सावकाश उचलायची आणि निघायची. का, तर माझा बाप जिवंत असताना कधीतरी त्या दुकानातल्या शेठच्या पोरानं तिला म्हटलं होतं, "बाई, ही साडी तुमच्या कामाची नाही." पोरगा पुढे सुरतेला गेला. म्हातारा शेठ बिचारा भाभी दिसली की "या ना बहेन" म्हणायचा. भाभी पिशव्या दाखवून पुढे.

भाभी म्हणजे माझी आई. धाकटे काका तिला भाभी म्हणत, म्हणून मीही. तिचं वैर कोणाशीही असू शकायचं. एका कंडक्टरनं एकदा हात करूनही गाडी थांबवली नाही, तर पुढे कित्येक वर्षं त्याची गाडी आली की ही चढलेली खाली उतरायची आणि पुढच्या एसटीसाठी तासभर उन्हात उभी राहायची. "अगं, नुकसान आपलंच होतंय," मी वैतागून म्हणायचे. "व्हऊ दे. त्याले समजाले पाहिजे." त्या कंडक्टरला काय समजलं असेल, देव जाणे.

पण ही सगळी किरकोळ वैरं. मोठं वैर एकच, आबाशी. आबा म्हणजे माझा थोरला काका, भाभीचा जेठ, आणि गावचा सरपंच. आमच्याकडे बाई जेठाशी समोरासमोर बोलत नाही. तो दिसला की पदर ओढून बाजूला होते. मी आठवीत असताना बाप गेला. तेव्हापासून आमच्या घराचे निर्णय आबा घ्यायचा आणि भाभी पदराआडून ऐकायची. माझी बारावी होईपर्यंत तिनं त्याला उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

बारावीनंतर मी नौदलाचा फॉर्म भरला आणि लेखी परीक्षा पास झाले. हे आबाच्या कानावर गेलं. चार दिवसांत त्यानं धानोऱ्याचं एक स्थळ घरी बोलावलं आणि माझी सुपारी फोडून टाकली. आपल्या ओट्यावर, आम्हाला न विचारता! त्याच्याकडून पेढ्यांचा पुडा आला तेव्हा आम्हाला कळलं. भाभीनं पुडा उघडला, बघितला आणि पेढे म्हशीला घातले. "खाय माय, तुन्हंच लगीन शे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला उठवलं. केळीच्या बागेजवळचा डांबरी रस्ता, पुढे मी पळतेय, मागे स्कूटीवर भाभी. सोळाशे मीटरची खूण तिनं चुन्यानं केली होती. जरा हळू झाले की हॉर्न. पोटात दुखतंय म्हटलं की दोनदा हॉर्न. आणि वर आरोळी, "दम लागना का आबानं तोंड ध्यानमा आन!" लोक मला विचारतात, प्रेरणा कोणाची? मी देशसेवा वगैरे सांगते. खरं उत्तर आबाचं तोंड हे आहे.

मैदानी झाली, मेडिकल झालं. मग कागद जमवायला लागलो आणि तिथे आबानं मला गाठलं. भरतीला अविवाहित असल्याचा दाखला लागतो, आणि त्यावर सही सरपंचाची. आबा म्हणाला, "सुपारी फुटनी, आते हिले कुवारी कशी लिखू? मी खोटं लिखत नही." मोठा आला खरं बोलणारा! ग्रामसेवकाकडे गेले, तो म्हणाला सरपंचांना विचारा. कागद द्यायला आठ दिवस उरले होते. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. भाभी म्हणाली, "रडू नको, ग्रामसभा परवा शे."

ग्रामसभेत बायका मागे बसतात. भाभी उठली, कपाळाखाली पदर ओढला, आबाकडे पाठ केली आणि लोकांना म्हणाली, "मन्ही पोरनं लगीन व्हयनं म्हने. जेवाले कोन कोन व्हतं, हात वर करा." कोणी हलेना. "वरन-बट्टी कशी व्हयनी व्हती? वांगानी भाजी तिखट व्हती का?" मागून एक म्हातारी फिस्सकन हसली. मग सगळी सभा हसली. भाभी हसली नाही. "ज्याले ज्याले जेवन भेटनं नही, तो तो सांगा, का हाई पोर कुवारी शे." आबानं माझ्या हातातला दाखला ओढून घेतला, सही ठोकली आणि शिक्क्यासाठी हात पुढे केला. वर बघितलंच नाही त्यानं.

ओडिशातलं प्रशिक्षण संपवून मी पांढऱ्या गणवेशात गावात आले तेव्हा डीजे लावून मिरवणूक निघाली. चौकात आबा सगळ्यांत पुढे, हातात भला मोठा हार, शेजारी फोटोवाला. भाभीनं पदर ओढला, मध्ये आली, हार त्याच्या हातातून काढून घेतला आणि आमच्या स्कूटीच्या आरशाला अडकवला. "मन्ही पोरनामांगे हाई पळनी," ती फोटोवाल्याला म्हणाली, "हिना फोटो काढ." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आजही वाटतं.

दोन वर्षांनी आबाची नात यामिनी भाभीकडे आली. तिलाही नौदलात जायचं होतं आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. भाभी पहाटे तिला पळवायला लागली. मी फोनवर म्हटलं, "सोडलंस वाटतं आबाला?" तर उसळलीच. "सोडाले काय जायेल शे? बदला शे हाई मन्हा. त्यान्हाच घरमातीन पोर काढी लई जासू!"

मग भाभी आजारी पडली. मी सुट्टी घेऊन आले तेव्हा खाटेला खिळली होती. एका संध्याकाळी आबा आला, खाटेपाशी उभा राहिला. "मन्हं चुकनं, बाई. आते सोडी दे." भाभीचा हात उचलत नव्हता. तिनं मला डोळ्यांनी खुणावलं, मी पदर तिच्या तोंडावर ओढला. पदराआडून आवाज आला, पण तो दारातल्या यामिनीसाठी होता. "पळाले गयती का आज?" यामिनीनं होकाराची मान हलवली. तिसऱ्या दिवशी भाभी गेली.

अग्नी मीच दिला. दहाव्याला तापीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. समोरच्या बाभळीवर पाच-सहा बसले होते, नुसते बघत. धाकटे काका म्हणाले, भाभी, शेत आम्ही बघू. काही नाही. मामा म्हणाले, पोरीची काळजी करू नको. काही नाही. ऊन चढलं, भटजी दर्भाचा कावळा करू म्हणायला लागले. तेव्हा आबा पुढे आला, हात जोडले. "बाई, यामिनीना दाखलावर मी सोता सही करसू." एक कावळा खाली उतरला, पिंडाजवळ आला, आणि परत झाडावर गेला.

मी उठले. माझं डोकं फिरलं होतं म्हणा. मोठ्यानं म्हणाले, "भाभी, आबाले मी माफ करनार नही. मरेस्तोवर नही."

चार कावळे एकदम आले.

यामिनी गेल्या महिन्यात दाखल झाली. दाखल्यावर आबाची सही आहे. तिला सोडायला शहाद्याच्या स्टँडवर तोच आला होता, तिथून त्यानं मला फोन लावला. आवाज पार खोल गेलेला. "पोर बठनी गाडीमा," म्हणाला, आणि मग, "आते तरी बोल मन्हासंगे." खोटं कशाला सांगू, बोलावंसं वाटलं मला. पण मी शब्द देऊन बसलेय.

"यामिनीले फोन दे," मी म्हटलं.