तिसऱ्या खंडातला म्हातारा

मी परीक्षणं लिहिते ती जाडजूड पुस्तकांची. तीन-तीन खंडांची, पहिल्या पानावर नकाशा असलेली, ज्यांत राज्यं बुडतात, डोंगर बोलतात आणि एखादी साधी मुलगी शेवटी राणी होते. सगळी इंग्रजीत. ती वाचायची आणि त्यांच्याविषयी मराठीत लिहायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नाद. घरी मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे पुस्तकं मागवायला सबब असते. फेसबुकवर माझं एक पान आहे. वाचणारे फार नाहीत, पण आहेत ते पक्के. मलकापूरची एक मुलगी, निपाणीचे एक निवृत्त पोस्टमास्तर, पेठ वडगावची कॉलेजात जाणारी दोन पोरं. कुठली त्रयी वाचू म्हणून विचारतात, मी सांगते, आणि आवडली नाही की येऊन माझ्याशी भांडतात. भांडायला मला आवडतं. माझ्या जिभेला हाड नाही असं घरात आणि बाहेर दोन्हीकडे मत आहे.

परीक्षणाची माझी एक रीत आहे. पहिल्या दोन खंडांवर मी अक्षर लिहीत नाही. लहानपणी वडील मला कुस्त्यांच्या मैदानाला न्यायचे. तिथं पैलवानांची सुरुवातीची खडाखडी चालू असताना कोण जिंकणार हे सांगणाऱ्या माणसाकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. निकाल लागू दे, मग बोल. तेच मी पुस्तकांना लावलं. तिसरा खंड संपला की लिहायचं आणि शेवटच्या ओळीत निकाल द्यायचा: चितपट, गुणांवर, नाहीतर बरोबरीत सोडवली. तिसऱ्या खंडात दम तुटणारे लेखक उदंड, त्यामुळे 'बरोबरीत सोडवली' हाच निकाल जास्त वेळा. कोल्हापुरात यापेक्षा वाईट शिवी नाही, हे माझ्या वाचकांना ठाऊक आहे.

नवऱ्याला यातलं कशाचंच काही नाही. त्याचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. शिक्षण आयटीआयचं, इंग्रजी वाचन म्हणजे मशीनसोबत येणारी माहितीपुस्तकं. माझ्या पुस्तकांना तो विटा म्हणतो. "आणखी एक वीट आली बघ," असं म्हणून कुरिअरचं पाकीट टेबलावर ठेवायचं, एवढाच त्याचा साहित्याशी संबंध.

एका सकाळी शिकवणी चालू असताना माझ्या उजव्या डोळ्यासमोर खालून काळं काहीतरी चढायला लागलं. डोळ्याचा पडदा सुटला होता. माझा डावा डोळा लहानपणापासून मंद आहे. त्यानं समोर माणूस आहे एवढं कळतं, अक्षर कळत नाही. म्हणजे आयुष्यभर जे काही वाचलं ते एकट्या उजव्यावर. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाईंनी डोळ्यात गॅस भरला आणि सांगितलं, काही आठवडे मान खाली. झोपताना, बसताना, जेवताना, सगळं पालथं. वाचायचं नाही, डोळ्याला ताण द्यायचा नाही, चोळायचा तर अजिबात नाही. पुन्हा वाचता येईल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गॅस गेल्यावर बघू.

घरी आल्यावर नवऱ्यानं त्यात आपलं एक कलम वाढवलं. "आन् रडायचं न्हाय," तो म्हणाला. 

तसं म्हणायला त्याच्याकडे कारण होतं. त्या सुमाराला मी मिठागरांच्या राज्याची एक त्रयी वाचत होते. त्यात राणी होऊ घातलेली मुलगी आहे आणि तिच्या घोड्यांची देखभाल करणारा एक म्हातारा मोतद्दार आहे. पहिल्या खंडात तो फक्त लगाम धरायला येतो आणि मग जातच नाही. गुडघे दुखणारा, सारखा कुरकुरणारा, राणीला तोंडावर 'पोरी' म्हणणारा. माझा जीव त्याच्यावर. दुसऱ्या खंडाच्या शेवटी तो जखमी होऊन बर्फात पडतो. तेव्हा मी इतकी रडले होते की सकाळी डोळे उघडेनात. शिकवणीची मुलं दबक्या आवाजात विचारायला लागली, घरात कुणी गेलं का. नवरा म्हणाला होता, "एका घोडेवाल्यापायी?"

तिसरा खंड येऊन कपाटावर पडला होता, प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. मी पलंगाच्या कडेवर उशी घेऊन पालथी, खाली फरशी, स्ट्रॉनं चहा. कपाटाकडे बघायचीही सोय नव्हती. दोनतीन दिवसांतच मी सगळ्यांवर खेकसायला लागले. सगळे म्हणजे नवराच, घरात आम्ही दोघंच. खरं तर मला भीती वाटत होती. पुढे वाचता आलं नाही तर मी उठून करायचं काय, हे मला कळत नव्हतं.

एका संध्याकाळी तो वर्कशॉपवरून आला, अंघोळ केली आणि प्लास्टिक फाडल्याचा आवाज झाला.

"काय करायला लागलाय?" मी फरशीला विचारलं.

"वाचून दाखवतो. गप पड."

पहिलं पान त्यानं इंग्रजीतच वाचलं. पालथं पडून हसलं की बरगड्या दुखतात हे मला त्या दिवशी कळलं. राहू द्या, मराठीत सांगा, म्हटलं. मग त्याची पद्धत बसली. एक पान मनाशी वाचायचं, अडलं तर मोबाईलवर शब्द बघायचा आणि मग सांगायचं. तो सांगायचा ते असं:

"सेनापती म्हणतोय, घाट सोडूया. तर ती म्हणती, तुमास्नी जायाचं तर जावा की. मी हितनं हलत न्हाय."

"अहो, ती राणी आहे. राणी असं बोलेल?"

"राणी हाय म्हणूनच बोलतीया."

सकाळी वर्कशॉप उघडण्याआधी थोडं आणि संध्याकाळी जेवणापर्यंत, असं चाललं. त्याला नकाशा पटत नव्हता. घाटात रस्ताच दाखवला नाही तर गाड्या कुठून नेतात, हे त्यानं मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मी लेखिकेच्या वतीनं माफी मागितली. पण मी वाट बघायला लागले होते. दिवसभर फरशी बघायची आणि सहा वाजले की फाटकाच्या कडीचा आवाज ऐकायचा. 

मग एका संध्याकाळी तो पानाच्या मध्येच थांबला. पान मागं उलटल्याचा आवाज आला, मग पुढं, मग पुन्हा मागं.

"काय झालं?"

"काय न्हाय. बारीक छपाई हाय."

उठून स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. "म्हातारा घाटाचं दार धरून हुबा हाय," तो म्हणाला. "भायेरनं धडका बसत्यात. बिजागरी ढिली झालिया."

"मग?"

"मग काय, त्येनं बिजागरी बसवली."

ती संध्याकाळ सगळी बिजागरीत गेली. खिळा बसत नव्हता म्हणून म्हाताऱ्यानं घोड्याच्या नालेचा तुकडा तोडला, तापवला, ठोकून त्याची पिन केली, वर तेल सोडलं. दार टिकलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि म्हटलं, या बाईनं लोखंडकामाचा अभ्यास केलेला दिसतोय.

"व्हय," नवरा म्हणाला. "बरी लिवती."

त्यानंतर म्हाताऱ्याचे गुडघे फारच धरले, त्यामुळे लढाईला तो गेला नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यानं चूल मांडली. लढाईवरून कुणी परत आलं, सेनापती का असेना, म्हातारा आधी एवढंच विचारायचा, "जेवलास का?" मग बाकीची बातमी. मोठमोठ्या घडामोडी चालू असताना ही चूल मध्येमध्ये येत राहायची आणि मला तिथं जाऊन बसल्यासारखं वाटायचं. जादूगार वगैरे मंडळींनी मला कधी इतका आधार दिला नव्हता.

खंड संपला तसं मी मोबाईलवर बोलून परीक्षण लिहिलं. लेखिकेला अखेर विनोद सापडला आहे, असं म्हटलं. बिजागरीच्या प्रसंगाला एक अख्खा परिच्छेद दिला. चुलीवर दोन दिले. निकाल दिला चितपट, कैक वर्षांत पहिल्यांदा. आता फक्त नवऱ्यानं बटण दाबायचं होतं. तो दोन दिवस रेंज नाही म्हणत राहिला. त्याच मोबाईलवर बाहेरच्या खोलीत कुस्त्यांचे व्हिडिओ व्यवस्थित चालू होते. शेवटी माझा पारा चढला तेव्हा त्यानं बटण दाबलं.

"लोक काय म्हणायला लागलेत?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"लई आवडलंय म्हणत्यात."

तपासणीच्या दिवशी गॅस गेला होता. डॉक्टर बाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मोठी वाचली, मधली वाचली, मग त्याखालची. पडदा बसलाय, त्या म्हणाल्या, रोज थोडं थोडं वाचायला हरकत नाही. मी त्यांचा हात नुसता धरून ठेवला, कारण बोलले असते तर रडले असते आणि घरातलं कलम अजून उठलं नव्हतं. नवऱ्यानं मला रिक्षात बसवलं. मग म्हणाला, "एक इचारायचं ऱ्हायलं," आणि परत आत गेला. आल्यावर काय विचारलं ते सांगेना.

घरी येऊन, चष्मा लावून, स्वतःच्या डोळ्यानं मी पहिली गोष्ट वाचली ती माझ्या परीक्षणाखालची उत्तरं. मलकापूरच्या मुलीनं लिहिलं होतं, "मॅडम, मोतद्दार तर घाटाच्या दारातच गेला. तुम्ही कुठलं पुस्तक वाचलंत?" निपाणीच्या पोस्टमास्तरांनी लिहिलं होतं, "बिजागरीचा प्रसंग माझ्या प्रतीत नाही. बांधणीत पानं गळली असावीत." वडगावच्या पोरांनी नुसते हसरे चेहरे टाकले होते.

मी भडकले. पुस्तक नीट वाचायला शिका, असं मलकापूरला कळवून टाकलं, आणि पुराव्याला पानाचा फोटो काढावा म्हणून तिसरा खंड उघडला. घाटाचं प्रकरण सापडलं. म्हातारा दार धरून उभा होता. दार पडलं. म्हातारा त्याखाली गेला. सगळं मिळून अर्धं पान. मी पुढं चाळत गेले. चूल कुठंच नव्हती.

नवरा अंगणात गाडी पुसत होता. मी पुस्तक घेऊन दारात उभी राहिले.

"अहो, म्हातारा मेलाय."

त्यानं फडकं पिळलं. "व्हय."

"कधी?"

"तवाच. बिजागरीच्या दिशी."

"आणि तुम्ही मला काय काय सांगत बसलात?"

"दुसऱ्या पुस्तकात नुसता पडलावता, तर तुझं डोळं उघडंनात," तो म्हणाला. "हितं तर मेलाय. तू रडली असतीस, डोळा चोळला असतास. म्हातारा काय, पुस्तकात हाय तितं हाय. तुझा डोळा कुठनं आणायचा हुता मी?"

मी पुस्तक मिटलं.

पुढे मी मलकापूरच्या मुलीची माफी मागितली आणि झालेलं सगळं सांगितलं. तिनं विचारलं, ती आवृत्ती आम्हाला कुठं मिळेल. परीक्षण मी काढलेलं नाही, खाली खुलासा जोडला आहे. मग रोज थोडी थोडी पानं करत खरा तिसरा खंड मी स्वतः वाचला. चांगला आहे, मी त्याला गुणांवर दिला. पण लढाईवरून माणसं परत येत होती आणि त्यांना जेवलास का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं, हे मला प्रत्येक वेळी जाणवलं. इतकी वर्षं मी लेखकांना नावं ठेवली. माझ्या एकटीसाठी कुणी कधी लिहील असं वाटलं नव्हतं. दिवसभर लेथवर उभं राहून आलेल्या माणसानं रोज संध्याकाळी, न येणाऱ्या भाषेतलं पुस्तक हातात धरून, माझ्यासाठी एका म्हाताऱ्याला जिवंत ठेवलं. डॉक्टर बाईंचे उपकार आहेतच. पण त्या पालथ्या दिवसांत मी ज्याच्यावर तगले ते त्या चुलीवर, आणि त्याबद्दल मी आयुष्यभर ऋणी आहे. हे त्याला तोंडावर सांगितलं तर तो उठून गाडी पुसायला जाईल, म्हणून इथं लिहिते.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन दारातच उभी होते. ओठ दाबून, श्वास रोखून मी पाणी डोळ्यात अडवत होते, इतके आठवडे सवयीनं अडवलं होतं तसं.

त्यानं ते पाहिलं. "दाबून धरू नगंस," तो म्हणाला. "दवाखान्यात तेच इचारायला आत गेलतो. आता रडली तर चालंल का म्हणून."

"काय म्हणाल्या?"

"चालंल म्हणाल्या. चोळायचं तेवढं न्हाय."

आत जाऊन त्यानं धुतलेला रुमाल आणून माझ्या हातात दिला आणि उंबऱ्यावर माझ्याशेजारी बसला. मी रडले. म्हाताऱ्यापायी रडतेय असं त्याला वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं.