बाईंचे सत्तावीस गुण

प्रभावतीबाई साळवेंना शिसारी लवकर येत असे. पंगतीत शेजारचा मचमच करत जेवू लागला की त्यांचा घास तोंडातच फिरायचा. खोटं बोलणारं माणूस समोर आलं की पदर आपोआप नाकाशी जायचा. हसनाबादच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत असलेल्या एका गावातल्या शाळेत त्या एकवीस वर्षं मराठी शिकवत होत्या आणि एवढ्या वर्षांत ही खोड गेली नव्हती. फक्त एका गोष्टीची शिसारी यायची बंद झाली होती, आणि ती गोष्ट त्या स्वतःच करत होत्या.

दहावीच्या परीक्षेत फळ्यावर उत्तरं लिहून द्यायची, ती गोष्ट. निकाल चांगला लागलाच पाहिजे असं संस्थेचं फर्मान, आणि बाईंचं अक्षर शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल असं टपोरं. पहिल्या वर्षी खडू ठेवून त्या शाळेच्या मागे गेल्या आणि भडाभडा ओकल्या. दुसऱ्या वर्षी नुसतं डोकं दुखलं. तिसऱ्या वर्षी काहीच झालं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी चहा घेतला.

दोन हजार चार सालच्या ऑगस्टात शहरातून धर्मराज नावाचे प्राध्यापक आले. त्यांना पीएच.डी. करायची होती आणि विषय होता किशोरवयीन मुलांची भावनिक बुद्धिमत्ता. नववीच्या बावन्न मुलांकडून चाळीस विधानांची एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. प्रत्येक विधानापुढे तीन चौकोन : नेहमी, कधीकधी, कधीच नाही. "यात बरोबर-चूक काही नसतं, मुलांनी मनातलं खरं तेवढं सांगायचं," एवढं बोलून प्राध्यापक संस्थाचालकांच्या घरी जेवायला गेले. गठ्ठा आणि गुण कसे द्यायचे त्याचा तक्ता मुख्याध्यापकांच्या टेबलावरच राहिला.

मुख्याध्यापक काकासाहेबांनी तो तक्ता वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बाई, ऐंशीपैकी गुण हायेत. गुण हायेत मंजे बराबर उत्तर बी हायेच. उद्या अंबडकडची शाळा आपल्या पुढं गेली तर संस्थावाले मला उभं करतील का? घ्या खडू."

"सर, ते मुलांच्या मनातलं विचारून राह्यले."

"मंग मनातलंच लिवा की! पण बराबर लिवा. आन् पोरायला सांगा, दोन-दोन चुका ठेवा. बिलकुल संशय नको."

मनात काय आहे याचं उत्तर फळ्यावर लिहायचं! बाईंचा पदर नाकाशी गेला खरा, पण उजव्या हाताने खडू घेतलाच. एक – नेहमी. दोन – कधीच नाही. तीन – नेहमी. पोरं तयारीची. हे कशाला, म्हणून एकानेही विचारलं नाही. एक्कावन्न माना वर होत होत्या, खाली जात होत्या.

बावन्नावी मान वर झाली नाही. ती बेबीनंदा, भिवाची मुलगी. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि बाईंच्या अक्षरासारखं अक्षर काढायची. अगदी 'ळ'ची गाठसुद्धा तशीच. जूनमध्ये हजेरी घेताना न आलेल्या एका मुलीचं नाव आलं, तेव्हा हीच उठून म्हणाली होती, "बाई, तिचा बाप वारलाय. तिची गैरहजेरी मांडू नका." आणि सगळ्यांसमोर रडली होती.

बाई तिच्या बाकाशी गेल्या. हळूच म्हणाल्या, "बेबीनंदा, फळ्याकडं बघ."

"बाई, हे तर माझ्याबद्दल इचारलंय. फळ्याला काय माहीत?"

बाई पुढच्या बाकाकडे गेल्या.

दिवाळीच्या आधी प्राध्यापक पुन्हा आले, प्रश्नावल्या भरून घेतल्याचा शिक्क्याचा दाखला मागायला. आधी आमचा निकाल द्या, मग शिक्का, असं काकासाहेबांनी अडवून धरलं. प्राध्यापकांनी तो दिला. खेड्यातल्या मुलांची भावनिक बुद्धिमत्ता इतकी असेल असं वाटलं नव्हतं, म्हणाले, आणि हे बोलताना पेढा खात होते. एवढा शिकलेला माणूस, आणि एका वर्गातल्या एक्कावन्न मुलांची मनं एकसारखी कशी, हा प्रश्न त्याला पडला नाही! बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून बेबीनंदाच्या कागदावर 'बाद' लिहून तो कागद त्यांनी तिथेच टाकला. यादीत मात्र ती राहिली.

काकासाहेबांनी यादी सूचनाफलकावर लावली. वरचे एक्कावन्न जण शहात्तर ते ऐंशीच्या मधे. शेवटी बेबीनंदा, एकतीस. शेरा : अत्यल्प. गावाने 'भावनिक' हा शब्द फलकावरच सोडला आणि 'बुद्धिमत्ता अत्यल्प' एवढंच घरी नेलं. चार दिवसांनी बेबीनंदा शाळेत यायची थांबली. बापाने तिला कापसाला लावलं होतं.

बाई वावरात गेल्या. भिवा साधा माणूस. पटकन उठून त्याने पाणी दिलं.

"बाई, पोरगी डोक्यानं कमी हाये हे मला बी कळलं नव्हतं. तुमच्या शाळेनंच लिवलंय. मंग कशाला वर्सं घालवायची?"

"तसं न्हाई, भिवाभाऊ. ती गुणाची पोरगी आहे."

"मंग गुण का न्हाई भेटले?"

याला बाईंकडे उत्तर होतं. पण ते द्यायचं तर फळ्यावर काय केलं ते सांगावं लागलं असतं. त्या परत फिरल्या.

शाळेत येऊन त्यांनी तो टाकून दिलेला कागद शोधला. 'दुसऱ्याचे दुःख पाहूनही मी शांत राहतो' : कधीच नाही. शून्य गुण. 'मनातले मी मोठ्या माणसांना सांगू शकतो' : कधीच नाही. शून्य गुण. बाईंनी तो दोनदा वाचला. आजवर शाळेत इतका खरा पेपर कुणी लिहिला नव्हता, आणि तो नापास झाला होता. कित्येक वर्षांनी त्यांना स्वतःची शिसारी आली.

गठ्ठ्यात कोरी प्रश्नावली उरली होती. बाईंनी ती स्वतः भरली, अजिबात लबाडी न करता. 'मला चुकीचे वाटते ते मी स्पष्ट नाकारतो' या विधानापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी खूण केली : कधीच नाही. तक्ता समोर ठेवून गुण मोजले आणि खाली मांडले. सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा वावरात गेल्या आणि कागद भिवापुढे धरला. त्याला आकडे वाचता येत होते.

"हा कोणाचा?"

"माझा."

"सत्तावीस? मंजे आमच्या पोरीपेक्षा बी कमी?" भिवाने कागद उलटा करून पाहिला. "मंग बाई, तुमी शिकवून कशा राह्यल्या?"

आता लपवायचं काय उरलं होतं? बाईंनी सगळं सांगितलं. उत्तरं कुणी काढली, फळ्यावर कुणी लिहिली, पोरीने काय केलं, आणि काल हे का लपवलं. भिवा ऐकत राहिला. मग म्हणाला, "अस्सं. मंग सोमवारपासून धाडतो तिला."

बेबीनंदा दोन ओळी पलीकडे कापूस वेचत होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिला आनंद झाला असेल अशी त्यांची अपेक्षा होती. पण पोरीने तोंड फिरवलं आणि ओढणी नाकाशी धरली. ती खूण बाईंनी लगेच ओळखली.

सोमवारी ती आली नाही. गुरुवारी आली, शेवटच्या बाकावर बसली. बाईंनी शुद्धलेखन घातलं आणि वह्या गोळा केल्या. बेबीनंदाच्या वहीत चूक एकही नव्हती. अक्षर मात्र ओळखू येत नव्हतं. बारीक, तिरपं, घाईने काढलेलं, आणि 'ळ'ला गाठ नव्हती.