शेपूट फिरलं तो शनिवार

आभाळात माझं कधी काही बिघडलं नाही. जे काही दिवे लावले ते जमिनीवर.

आमचं शिकाऊ विमान जुन्या धाटणीचं होतं. दोन चाकं पुढे, एक छोटं शेपटाखाली. जमिनीवर ते नाक वर करून बसायचं, त्यामुळे समोरचं काही दिसत नसे. बाजूने डोकावत नागमोडी चालवायचं आणि दिशा सांभाळायची ती पायांनी, पेडलवर. पाय जरा ढिले पडले की शेपूट पुढे यायला बघायचं. ज्याच्या हातून ते फिरलं, त्याने विमान ढकलत शेडपर्यंत न्यायचं, असा तिथला रिवाज. माझ्यावर ती वेळ यायची नाही, याची मला खात्री होती.

मी मुलुंडची. स्कूटर थांबवता थांबवता ओळखीचं कोणी दिसलं की एक पाय खाली सोडायचा आणि हात करायचा, ही हाडात मुरलेली सवय. दर शनिवारी एसटीने घाटापलीकडच्या त्या धावपट्टीवर विमान शिकायला जायचे. एका शनिवारी बाबा सोबत आले. सर म्हणाले होते, आज नीट उतरलीस तर लगेच एकटीला उडायला सोडतो. बाबांना तेच बघायचं होतं.

उतरले तर अगदी अलगद. वेग स्कूटरइतका झाला, कुंपणाशी बाबा दिसले, आणि मी पेडलवरचा पाय काढून हात केला. वाट लागली! विमान गर्रकन फिरलं, पंखाचं टोक गवताला घासलं.

मागच्या सीटवरून सर कडाडले, “हात कोणाक केलंस गो? इमान थांबल्याशिवाय पाय काढूचो नाय, किती वेळा सांगलंय?”

बाबा मात्र टाळ्या वाजवत आले. “काय झकास वळवलंस गं!” मी रडायच्या बेतात. काय घडलं ते सांगितल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझ्याबरोबर ढकलायला लागले. तेव्हा लाजेने मेले होते. आता त्या दुपारची फार आठवण येते.

पुढच्या शनिवारी बाबा पुन्हा सोबत आले आणि सरांनी मला एकटीला सोडलं. एक फेरी मारून उतरले. विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय जागचे हलवले नाहीत. मग कुंपणाकडे पाहिलं, तर तिथे कोणीच नाही.

बाबा शेडच्या आत, दाराकडे पाठ करून बसले होते.

“बघितलंत ना?” मी विचारलं.

“मी दिसलो असतो तर तू परत हात केला असतास,” ते म्हणाले. “आवाज ऐकला ना सगळा.”