बाकीचे उठले की

मुलाला मागून हाक मारली की तो वळत नाही, ही गोष्ट आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती. तशी मुलं आईच्या पहिल्या हाकेला ओ देतात कुठे? पण याला रुळांवर कामाला लागून काही महिनेच झाले होते. खडी सारायची, पहारीने रूळ जागेवर आणायचा, आणि गाडीवर लक्ष ठेवायला लांब उभ्या केलेल्या माणसाची शिट्टी आली की हत्यारं उचलून बाजूला व्हायचं. सगळा भरवसा त्या शिट्टीवर.

त्याचे पणजोबाही याच कामावर होते. हे कळल्यापासून टोळीत त्याचा भाव वधारला होता. "आई, त्यांचा एखादा फोटो मिळव ना. मुकादमांना दाखवायचाय." पणजोबांबद्दल घरात एवढंच सांगत, की माणूस असा धीट, गाडी जवळ आली तरी घाईने मान वर करायचा नाही. शेवटी गाडीखालीच गेले.

ती फोटोसाठी मावशीकडे गेली. मावशी म्हणजे त्या पणजोबांची, तिच्या आजोबांची, धाकटी लेक. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून चाळिशीत.

"थांब, कानातलं यंत्र लावते," मावशी म्हणाली. "एरवी काढूनच ठेवते. तुझ्या काकांच्या बोलण्यासाठी कोण बॅटरी जाळणार?"

कपाटाच्या तळातून फोटो निघाला. टोळी ओळीने उभी, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे. आजोबा तेवढे शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते.

"हे असे का बघतायत गं?"

"फोटोवाला काय म्हणतोय ते कळायला नको? बाबांना ऐकू कुठे यायचं! तिशीच्या आतच कान गेले त्यांचे. माझेही लवकरच गेले. तुझी आई तेवढी सुटली."

"मग शिट्टी?"

"मी डबा घेऊन जायचे ना, तेव्हा बघायचे. एक डोळा कामावर, एक डोळा बाकीच्यांवर. बाकीचे उठले की बाबा उठायचे. कुणाला पत्ता लागू दिला नाही. नोकरी गेली असती, आणि घरात आम्ही एवढी खाणारी तोंडं." मावशीने फोटोवरून हात फिरवला. "त्या सकाळी धुकं होतं. शेजारचा माणूस दिसत नव्हता."

तिने फोटो पिशवीत घातला आणि ती उठली.

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला, तेव्हा ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली. हाक मारली. पुन्हा मारली. तो निवांत जेवत होता. मग ती समोर येऊन बसली.

"तुला ऐकू कमी येतंय का रे?"

"काहीतरीच. कामावर घेताना तपासलं होतं."

"तेव्हाचं नको सांगूस. आत्ताचं सांग."

तो हसला. "बरं, समज, नाही आली एखादी शिट्टी ऐकू. माझं लक्ष असतं ना सगळ्यांकडे. बाकीचे उठले की मी उठतो."

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिने फोटो त्याच्यासमोर ठेवला आणि मावशीने सांगितलेलं सगळं सांगितलं. 

"मुकादमांना यातलं काही बोलायचं नाही," फोटो उचलून बघत तो म्हणाला. "घरी बसवतील मला. मग माझं काय? डॉक्टरकडे जाऊ आपण, सवड मिळाली की."

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याने ते हो धरलं.

सकाळी ती उठली तेव्हा तो डबा घेऊन गेलेला होता. तिने खिडकी उघडली. समोरची इमारत दिसत नव्हती. खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सायकल दिसली नाही, माणूसही नाही.

मुलाला फोन लावला, तर बंद. काम करताना तो बंदच ठेवायचा.

मुकादमांचा नंबर त्यानेच तिला देऊन ठेवला होता. हे कळलं तर तो घर डोक्यावर घेईल. कदाचित कित्येक दिवस बोलणारही नाही. नोकरी तर जाईलच.

काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, काहीच ठरलं नव्हतं. तिने नंबर लावला.