मागच्या सीटचा हीटर

आर्डिस त्वेतचा थंडीवर राग नव्हता. नॉर्थ डकोटात जन्माला येऊन थंडीवर रागवायचं तर मग जगायचं कधी? तिचा राग होता एका पंख्यावर. त्यांच्या बासष्ट सालच्या लांबलचक गाडीत मागच्या सीटखाली हीटरची पत्र्याची पेटी होती. दर रविवारी चर्चला निघाले की त्या पेटीतला पंखा घरघरायला लागायचा आणि तिच्या पिंढऱ्यांवर थंडगार वारा सोडायचा. हीटर नसता तरी चाललं असतं, इतका तो हीटर गार होता.

आणि नवरा कोण, तर ऑर्विल त्वेत! आख्ख्या काउंटीत हीटर दुरुस्त करावा तर ऑर्विलनेच. शाळेची बस असो, जुना ट्रक असो की सहा पोरांना कोंबून नेणारी घरची गाडी, ऑक्टोबर उजाडला की त्याच्या गॅरेजसमोर रांग लागायची. मागच्या हीटरला इंजिनातलं गरम पाणी न्यायला गाडीच्या पोटाखालून दोन लांब रबरी नळ्या जातात. त्या कुठे पिचल्या, कुठे हवा अडकली, हे तो नुसता हात फिरवून सांगायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पुढच्या बाकावर तिघं सहज मावली असती. पण घरातलं सर्वांत मोठं माणूस पुढे बसणार, हा रिवाज. म्हणजे सासूबाई, बोर्गहिल्ड, वय वर्षं त्र्याऐंशी. त्यांचा दुखरा पाय मधोमध आडवा, त्यावर घोंगडी, घोंगडीवर पर्स. पुढचा हीटर असा रसरसायचा, की बाई कोटाची बटणं सोडून बसायच्या.

"मागे ऊब येतेय ना गं?" ऑर्विल दर रविवारी आरशात बघून विचारायचा. पंख्याची घरघर त्याला ऐकू यायची, म्हणजे त्याच्या लेखी हीटर चालू.

"हो, बरं आहे की," आर्डिस म्हणायची.

चार हिवाळे ती हेच म्हणत आली होती. तिथल्या लोकांची जातच तशी. पाय मोडला तरी "तसं काही फार नाही" म्हणतील आणि लंगडत गुरांना चारा घालायला जातील. तक्रार करणारा माणूस म्हणजे वाया गेलेला माणूस, हे आर्डिस आईच्या मांडीवरच शिकली होती. शिवाय हीटरवाल्याच्या बायकोने हीटर चालत नाही म्हणायचं, म्हणजे त्याला चारचौघांत खाली पाहायला लावायचं. तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तिच्या पायांचं काही नव्हतं, ते तिने लोकरीत गुंडाळले असते. प्रश्न हातांचा होता. आर्डिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. चौदाव्या वर्षी मावशीकडून शिकली आणि एकतीस वर्षं त्या बाकावर बसली. गावातली लग्नं तिने लावली, गावातली माणसं तिने पोचवली. स्वतःच्या आईवडिलांच्या दफनालाही ऑर्गनला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घरात तिने कधी आवाज चढवला नव्हता. तिला जो काही आवाज करायचा असायचा, तो ती तिथे करायची, आणि तेव्हा चर्चच्या खिडक्या थरथरायच्या.

पण सोळा मैल त्या गार पेटीवर बसून आलं की बोटं लाकडाची व्हायची. सासूबाईंना तयार व्हायला इतका वेळ लागायचा, की चर्चला पोचेपर्यंत जेमतेम पाच मिनिटं उरायची. पहिलं गीत अडखळायचं, दुसरं लंगडायचं, तिसऱ्याला कुठे हात मोकळे व्हायचे, तोवर पास्टर नीगार्ड आशीर्वाद देऊन मोकळे. एप्रिल आला की सगळं सुरळीत. ज्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी घरून आणलेलं एकत्र जेवण असायचं, त्या दिवशी ती भर जानेवारीतही उत्तम वाजवायची. लोक म्हणायचे, आर्डिसला जेवणाचा हुरूप येतो. हुरूप कसला डोंबलाचा! खिमा-बटाट्याचं गरम भांडं टॉवेलात गुंडाळून मांडीवर असायचं आणि ती वाटभर त्यावर हात धरून बसायची.

१९७९च्या जानेवारीतला चर्चच्या वार्षिक सभेचा रविवार. पारा उणे अठ्ठावीसवर. इंजिन गोठू नये म्हणून ऑर्विलने त्याला रात्रभर विजेची वायर लावून ठेवली होती, रेडिएटरपुढे पुठ्ठा खोचला होता. आर्डिसला कुणकुण लागली होती, की सभेत ऑर्गनचा विषय निघणार. बँकेत नोकरीला लागलेली जॅनेल नावाची मुलगी पियानो वाजवते म्हणे. म्हणून आज चूक करून चालणार नव्हतं. पण आज जेवण होतं, मांडीवर भांडं होतं. काळजी नव्हती.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि सासूबाई वळून म्हणाल्या, "ते भांडं इकडे दे बाई. पुढे गरम राहील."

"राहू दे आई, आहे मी धरून."

"अगं, मागे गार पडेल की! दे."

म्हणजे मागे गार पडतं हे यांना ठाऊक होतं! आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी तिच्या अंगात तेवढीच काय ती ऊब. तरी तिने भांडं दिलं. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

चौदा मैल गेले. बोटांची अग्रं बधिर झाली. तिने हात काखेत घातले, मग मांड्यांखाली घातले. पंखा घरघरत होता. ऑर्विलने आरशात पाहिलं. "मागे ऊब येतेय ना गं?"

"नाही!" आर्डिस ओरडली. गाडीतले तिघेही दचकले, ती स्वतः धरून. "नाही येत! चार वर्षं नाही येत! बंद कर तो मेला पंखा आणि थांबव गाडी!"

गाडी थांबली. ऑर्विलचा चेहरा उतरला होता. "अगं, पण मी दर रविवारी विचारत होतो..."

"आणि मी दर रविवारी खोटं बोलत होते! तुला एकदाही मागे हात लावून बघावंसं वाटलं नाही?"

"आमच्या वेळी मागे हीटरच नव्हता," सासूबाई भांड्यावर हात शेकत म्हणाल्या.

ऑर्विल खाली उतरला. बॉनेट उघडून तो बराच वेळ वाकून राहिला. आर्डिस उतरून जवळ गेली, तेव्हा त्याने बोलायचं सोडून नुसतं बोट दाखवलं. इंजिनाच्या बाजूला एक छोटा पितळी नळ असतो. उन्हाळ्यात मागच्यांना उकडू नये म्हणून तो बंद करायचा आणि थंडी पडायच्या आधी उघडायचा. पंचाहत्तरच्या जुलैत पुतण्याच्या लग्नाला जाताना ऑर्विलने तो बंद केला होता. त्यानंतर दर ऑक्टोबरात त्याने गावाचे शेकडो नळ उघडले.

"हा?" आर्डिस म्हणाली. "एवढासा?"

त्याने पकड लावली. नळ गंजून घट्ट बसला होता, पकड दोनदा निसटली, तिसऱ्यांदा तो फिरला. मागच्या पेटीत गरम पाणी गुडगुडत पोचलं आणि तिच्या पायांना पहिली ऊब लागली तेव्हा गाडी चर्चच्या आवारात वळत होती. वरातीमागून घोडं!

ती त्या दिवशी कधी नव्हे इतकं वाईट वाजवून आली.

जेवणाआधी सभा झाली. पास्टर नीगार्ड घसा साफ करून म्हणाले, आर्डिसने एकतीस वर्षं सेवा केली, आता तिला थोडी विश्रांती द्यावी असं समितीला वाटतं. जॅनेल तयार आहे. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. हात वर झाले. आर्डिसने इकडे तिकडे पाहिलं. एकटीने हात खाली ठेवला तर रुसली असं दिसेल. आणि मग तिने, सकाळीच गाडीत गळा फाडून ओरडलेल्या त्या बाईने, स्वतःचाही हात वर केला. सर्वानुमते मंजूर. टाळ्या झाल्या. तिला तिचं नाव कोरलेली चांदीच्या मुलाम्याची बशी मिळाली, म्हणजे नाव कोरून घेण्याइतकं आधीपासून सगळं ठरलं होतं.

आर्डिस कॉफी ओतत असताना शेजारीण व्हर्ना जवळ आली. "संधिवात फार वाईट गं. आम्हाला केव्हापासून कळत होतं. पण म्हटलं, बिचारीला बोलून का दुखवा?"

"संधिवात?" आर्डिस म्हणाली. "केव्हापासून कळत होतं?"

"झाली असतील तीन-चार वर्षं."

आर्डिसने कप खाली ठेवला. इतकी वर्षं ती समजत होती, की कुणाच्या लक्षात येत नाही. एकाने, फक्त एकाने सांगितलं असतं, की बाई, तुझं वाजवणं बिघडलंय, तर तिने त्याच रात्री ऑर्विलला बॉनेट उघडायला लावलं असतं. सगळे मूग गिळून बसले. तीही बसली. तिला व्हर्नाचा राग आला, पास्टरचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या उंचावलेल्या हाताचा आला.

पुढच्या रविवारी मागची सीट अशी तापली, की तिने हातमोजे काढून ठेवले. बोटं गुलाबी, मऊ, एकेक सुटी. ती जाऊन चौथ्या रांगेत बसली आणि जॅनेलचं ऐकत राहिली. पाऊण तास तिचा जीव खालीवर होत होता.

लोक पांगल्यावर जॅनेल धावत आली. पोरगी घामाघूम झाली होती. "आर्डिसकाकू, कसं झालं? सगळे म्हणतायत छान झालं."

बरं झालं की, असं आर्डिसच्या ओठांवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"छान नाही झालं. तुझा डावा पाय खालच्या पट्टीवर दर वेळी उशिरा पडतो. शेवटच्या गीतात तर गाणारी माणसं तुझ्यापुढे ओळभर गेली होती."

जॅनेलचे डोळे भरून आले. "मग कुणी बोललं का नाही?"

"कुणीही बोलणार नाही. चार वर्षं बोलणार नाहीत, आणि मग बशी देतील."

मुलीने नाक पुसलं. ती ऑर्गनपाशी गेली, बाकावर बसली, पायांखालच्या पट्ट्यांकडे बघत राहिली. "कुठे उशीर होतो?"

आर्डिसने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली.