भीतीलाही फ्रॅक्चर लागतं

मला गाडी चालवायची भीती वाटते. हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला, "अॅक्सिडेंट झालता का?" नाही म्हटलं की समोरचा थोडा हिरमुसतो, मग हसतो. अपघात झालाच नाही तर भीती कशाची? भीती वाटायलाही आधी दवाखान्याचे कागद लागतात, अशी या लोकांची पक्की समजूत असते.

गल्लीत मी मोटारसायकल चालवतो. शेताच्या वाटेनंही चालवतो. पण मोठ्या रस्त्याला लागलो आणि समोरून ट्रक आला की माझी मनगटं ढिली पडतात. ब्रेक कोणत्या पायाला आहे ते आठवत नाही. गाडी आपोआप त्या ट्रककडेच ओढली जातेय असं वाटतं. त्यात आमच्या जालन्याच्या रस्त्यांवर लोखंडी सळयांचे ट्रेलर. मागं हातभर सळया बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेलं, आणि ते फडकं फडफडत आपल्या पुढं चाललेलं. त्याच्यामागं गाडी चालवताना ज्याला काहीच वाटत नाही, त्यानं मला हसावं? मला तर त्याचंच नवल वाटतं.

माझी नोकरी बियाण्यांच्या एका कंपनीत. शेतकरी शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, आमच्यासाठी मिरची-टोमॅटोचं बियाणं घेतात. बायका एकेका फुलातला नर भाग चिमट्यानं काढून दुसऱ्या जातीचे पराग लावतात. ते बराबर होतंय का, नेटमध्ये भेसळीची झाडं राहिली का, हे बघत गावोगाव फिरणं म्हणजे माझं काम. मुलाखतीत विचारलं होतं, "टू-व्हीलर येते ना?" मी खरं ते सांगितलं, "येते, पण हायवेवर भीती वाटते." समोरचे तिघंही हसले. मधले साहेब म्हणाले, "होईल सवय." हेच पुढं माझे वरिष्ठ झाले. मी काही लपवलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढं तेच मला म्हणाले की तुम्ही कंपनीला फसवलं.

सवय झाली नाही. पहिल्या हंगामात मी जाफराबादच्या एसटीनं टेंभुर्णीला उतरायचो आणि तिथून चालत, नाहीतर कुणाच्या मागं बसून नेटवर जायचो. भोकरदनकडची गावं असली की काळीपिवळी जीपमध्ये गुडघे दुमडून. पायाला फोड यायचे, पण माझ्याकडच्या एकाही नेटमधून भेसळीचा माल आला नाही. त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. बोलणं व्हायचं ते एकाच गोष्टीवर. "बाकीचे दिवसात इतकी गावं करतात, तुम्ही का नाही?"

एके दिवशी मीटिंग संपल्यावर साहेबांनी सगळ्यांना ऑफिसच्या आवारात बोलावलं. मध्ये कंपनीची मोटारसायकल उभी केलेली.

"आज यांची भीती काढून टाकू," ते म्हणाले. "बसा गाडीवर. गेटबाहेर जाऊन चौकातून वळून या."

मी म्हटलं, "साहेब, इथं सगळ्यांसमोर कशाला?"

"सगळ्यांसमोरच. लाज वाटली की भीती पळते."

पंधरा-वीस माणसं बघत होती. मी किक मारली. गेटपर्यंत बरा गेलो. गेटबाहेर तोंड काढलं आणि कापसानं फुगलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत अंगावर आला. म्हणजे अंगावर आला नव्हता, आपल्या बाजूनंच चालला होता, पण मला तसं वाटलं. मी दोन्ही पाय खाली टेकले, गाडी आचके देऊन बंद पडली आणि मी तिच्यासकट गेटच्या खांबाला टेकलो. मागून हशा फुटला. माझ्याच वयाचा एक सहकारी, ज्याच्याकडं राजूरकडची गावं होती, मोबाईल धरून उभा होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर आला होता. त्यावर साहेबांनी हसण्याचं चित्र टाकलं होतं.

घरी गेलो तेव्हा बायको मशीनवर ब्लाऊज शिवत होती. मी तिला मोबाईल दाखवला. तिनं तो एकदाच बघितला आणि मोबाईल पालथा ठेवला.

"हे लोक शाळेत गेल्ते का न्हाई?" ती म्हणाली. मग ब्लाऊजचा दोरा तोडत, "मी सोडत जाईन तुम्हाला."

"टेंभुर्णीपर्यंत?"

"मंग काय झालं? बदनापूरला माहेरी असताना मी रोज हायवेनंच कॉलेजला जायची. मला न्हाई भीती वाटत. तुम्हाला वाटते. ज्याला जे येतं ते त्यानं करावं."

तिच्या माहेरची जुनी स्कूटी आमच्याकडं आलीच होती. दिवसाआड आम्ही दोघं निघायला लागलो. ती पुढं, हेल्मेट घालून, पदर कमरेला खोचून. मी मागं, मांडीवर पिशवी. मला वाटलं होतं मागं बसूनही भीती वाटेल. पण ती ट्रक बघून आपली शांतपणे गाडी कडेला घ्यायची, आणि मी रस्ताभर त्या दिवशीच्या नेटचा विचार करत बसू शकायचो. पहिल्यांदाच मी कामावर ताजातवाना पोचायला लागलो. गावंही दुप्पट होऊ लागली.

म्हणजे प्रश्न सुटला होता. कंपनीचा सुटला होता, माझाही. पण लोकांचा सुटला नव्हता.

टेंभुर्णीच्या चौकात एक चहाची टपरी आहे. आम्ही दिसलो की तिथले रिकामे लोक ओरडायचे, "आला बघा, बायकोच्या मागं बसणारा साहेब!" एकानं तर रस्त्यात येऊन विचारलं, "वहिनी, ह्यांना घरी बांगड्या भरल्या का न्हाई अजून?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उतरायला लागलो तर बायकोनं मागं हात करून माझी बाही धरली. ती त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, तुमची बायको तुमच्यासाठी काय काय करते ते सांगा की चौकात. आम्हीबी ऐकतो." तो बाजूला झाला.

नवरा गाडी चालवतोय आणि बायको मागं तिरकी बसून, एका हातानं पोर आणि दुसऱ्या हातानं सीट धरून जीव मुठीत घेऊन चाललीय, हे यांना दिवसभर दिसतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिला भीती वाटते का, असं कुणी कधी विचारलंय? बायकांनी घाबरलेलं चालतं, शोभतं. पुरुष घाबरला की गावाची करमणूक होते.

नेटमधल्या बायका मात्र माझ्या बायकोशी पहिल्या दिवसापासून बोलायला लागल्या. मी ओळी तपासायचो, ती नेटबाहेर त्यांच्यात बसून डबा खायची. त्या हसायच्या, पण माझ्यावर नाही.

मग साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून सांगितलं, "बाहेरच्या व्यक्तीला प्लॉटवर न्यायचं नाही."

"साहेब, ती बाहेर बसते. माझी बायको आहे."

"तेच तर. कंपनीची इज्जत आहे का नाही? शेतकरी काय म्हणत असतील?"

शेतकऱ्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. मी पुन्हा एसटी धरली. बायकोनं त्या दिवशी मशीन फार जोरात चालवली.

त्याच हिवाळ्यात व्हिडिओ काढणारा तो सहकारी पडला. राजूरच्या अलीकडं, भरदुपारी. साहेबांचा फोन आला होता, आकडे जल्दी पाठवा म्हणून. हा मान वाकडी करून, खांद्यात मोबाईल दाबून बोलत चालला होता. टेम्पो वळला आणि हा सरळ गेला. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला.

मी त्याला भेटायला गेलो. जायचं नव्हतं, पण गेलो. पलंगावर त्याचा चेहरा लहान झाल्यासारखा दिसत होता. त्याची आई चहा करायला उठल्यावर तो म्हणाला, "खाली गाडीचा आवाज आला तरी मी कान झाकून घेतो रे. हसू नको."

मी हसलो नाही. मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेला सफरचंदांचा पुडा होता, तो तसाच मांडीवर ठेवून मी बसून राहिलो. "तू त्या दिवशी कशाला काढला व्हिडिओ?" एवढंच विचारलं. तो खिडकीकडं बघायला लागला. "सगळे हसत होते," म्हणाला.

तो काठी टेकत कामावर आला तेव्हा साहेबांनी त्याला बियाणं तपासायच्या खोलीत टेबल दिलं. "त्याला धक्का बसलाय. आता त्याला गाडीवर पाठवणं बरोबर नाही," असं सगळ्यांना सांगितलं. बरोबरच होतं ते, त्याला टेबल मिळायलाच पाहिजे होतं. पण त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावून विचारलं, "गाडी चालवणार का राजीनामा देणार?"

मी इतकी वर्षं खाली मान घालून ऐकणारा माणूस. त्या दिवशी मला माझाच आवाज ओळखू येईना.

"साहेब, त्याला गाडीची भीती वाटते म्हणून टेबल दिलं ना?"

"त्याचा अपघात झालाय."

"म्हणजे मी आधी पाय मोडून घ्यायचा का?"

"उलटं बोलू नका."

"तुम्ही आमच्या गावांकडं दौऱ्यावर येता तेव्हा गाडी कोण चालवतं?"

"ड्रायव्हर. का?"

"तुम्हाला ड्रायव्हर कंपनीनं दिला. मला माझ्या घरातून मिळाला. कंपनीला एक पैशाचा खर्चा नव्हता. तो पण तुम्ही बंद केला. माझ्या कामात काय खोट आहे ते सांगा. बिलकुल गप्प बसून ऐकतो. भीती वाटते म्हणून काढायचं असेल तर तसं कागदावर लिहून द्या."

ते काही लिहून देणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. हंगाम ऐन भरात होता आणि राजूरकडच्या गावांना आधीच माणूस उरला नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत घातलं. शेवटी म्हणाले, "टेंभुर्णीत राहायला जाता का? आसपासचेच प्लॉट देतो. कसं जाता ते तुमचं तुम्ही बघा."

हा न्याय नव्हता, ही अडचण होती त्यांची. पण आम्ही गेलो. टेंभुर्णीत दोन खोल्या घेतल्या, बायकोनं मशीन ओट्यावर मांडली. जवळच्या नेटवर मी सायकलनं जातो, लांबच्या नेटवर तिच्या मागं बसून. टपरीवरचे लोक अजून ओरडतात, पण आता त्यांचा घसा लवकर थकतो.

गेल्या वार्षिक कार्यक्रमाला वरून मोठे लोक आले होते. साहेबांनी माईकवरून मला उभं राहायला सांगितलं. "हे आमचे कर्मचारी," ते म्हणाले. "यांना गाडी चालवायची भीती. पण आम्ही त्यांना समजून घेतलं, त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था केली. आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे." सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. पलीकडच्या रांगेत तो सहकारीही काठी मांडीवर आडवी ठेवून टाळ्या वाजवत होता.

मी उभा होतो. सगळे माझ्याकडं बघत होते, मी हात जोडावेत म्हणून. मी हात खिशात घातले आणि टाळ्या थांबायच्या आधीच खाली बसलो.